वर किती, पुढे किती

बुधवार, ३ तारीख

शेंग घरी आली! मला हे अर्ध्या पानाएवढ्या अक्षरांत लिहायचं होतं, पण मास्तरीण म्हणाली, "आजी, एका दिवसात वही संपवशील." मास्तरीण म्हणजे माझी थोरली नात, दहावीत आहे. तिला मला शिकवायची खोड आहे म्हणून हे नाव मीच ठेवलं. वहीही तिचीच, गणिताची, निम्मी वापरलेली. एका पानावर ओळी आणि समोरच्या पानावर बारीक चौकटी. ओळींवर मी लिहायचं, चौकटींत ती टिंबं देणार. मी तिसरीपर्यंत शिकले, पुढे भावंडं सांभाळायला घरी बसवलं. पण अक्षर बघा, अजून मोत्यासारखं आहे.

तर शेंग. पंधरा वर्षांनी या घरात पाळणा हलला, आणि बाईसाहेब आठव्याच महिन्यात आल्या. घाई बापाची. बाप म्हणजे माझा मुलगा, पार्सल ऑफिसात आहे, जेवतानाही घड्याळ बघतो. पोर एवढीशी, सोललेल्या शेंगेसारखी, म्हणून शेंग. नाव मोठी झाली की ठेवू.

दवाखान्यात आज शेवटचं वजन केलं, एक हजार नऊशे साठ ग्रॅम. नर्सबाई कडक आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, आई अजून टाक्यांतून उठलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगते. रोज दहा वाजता, आंघोळ झाली की तशीच तोला आणि लिहून ठेवा. दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम वाढली पाहिजे. वीसच्या खाली गेली की लगेच घेऊन या. एरवी चोवीस तारखेला."

मी म्हटलं, "बाई, मी चार पोरं वाढवली, एकालाही तोललं नाही."

"ती नऊ महिन्यांची होती," म्हणाली.

शनिवार, ६ तारीख

मुलानं ऑफिसातला जुना तोलकाटा मागून आणला, पार्सलांचा. सपाट, काचेचा, आकडे लाल उमटतात, पाच-पाच ग्रॅमनं उडी मारतात. आधी दुपट्याची घडी ठेवायची, बटण दाबायचं, की शून्य. म्हणजे दुपट्याचं वजन शेंगेच्या नावावर चढत नाही. किती हुशार यंत्र! मी दोनदा उगाचच शून्य केलं.

आज दोन हजार तीस. सून आतून विचारते, "आई, किती?" मी ओरडून सांगते, तर ती हसते आणि टाके ओढतात म्हणून कण्हते. हसू नको म्हटलं तर आणखी हसते.

सोमवार, ८ तारीख

काल एकदम गारठा आला. खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालतो. शेंग काट्यावर उघडी ठेवली आणि तिनं दोन शिंका दिल्या, मांजराच्या पिल्लासारख्या. मग आठवलं, नर्सबाई म्हणालीच होती, "तशीच तोला." तशीच, म्हणजे असेल तशी. मग मी कशाला पोरीला कुडकुडवते? आज आंघोळ झाल्यावर डोक्यावर टोपी चढवली, मी विणलेली, पिवळी. आणि तशीच तोलली. दोन हजार पंच्याहत्तर!

मास्तरीण शाळेतून आली ती वही घेऊनच बसली. त्यांच्या गणिताच्या बाईंनी सांगितलंय, घरातली एखादी रेघ शोधा आणि तिचा चढ काढा. मी म्हटलं, चढ तर रस्त्याला असतो. म्हणाली, रेघेलाही असतो. आडवे दिवस, उभे ग्रॅम. तीन तारखेचं टिंब, आजचं टिंब. "वर किती गेलं? एकशे पंधरा. पुढे किती सरकलं? पाच दिवस. वरच्याला पुढच्यानं भागायचं. तेवीस. हा शेंगेचा चढ, दिवसाला तेवीस."

आणि मला लख्ख कळलं! हे घरं रंगवायचे ना, आमचे हे. शिडी लावताना दर वेळी म्हणायचे, चार हात वर, एक हात बाहेर. पाय फार बाहेर घेतला तर शिडी घसरते, फार आत घेतला तर माणूस मागे पडतो. एकदा नव्या पोऱ्यानं तीन वर, दोन बाहेर लावली आणि निळ्या रंगाच्या डब्यासकट खाली आला. आठवडाभर त्याचे कान निळे होते. मी मास्तरणीला म्हटलं, मग आजोबांच्या शिडीचा चढ चार! ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, वर्गात निम्म्यांना हे कळलेलं नाही."

साठ वर्षं उशिरा मी चौथीत गेले म्हणायचं.

बुधवार, १० तारीख

शेंग फार शहाणी. रडणं म्हणून नाही. चमच्यानं दूध पाजावं तर चार घोट घेते आणि झोपते. माझा मुलगा या वयात आळी डोक्यावर घ्यायचा.

पायात मोजे घातले आज, बोटं निळसर वाटत होती गारठ्यानं. टोपी, मोजे, काय गोड दिसत होती काट्यावर. दोन हजार पंच्याऐंशी.

मास्तरणीनं भागलं आणि पेन खाली ठेवलं. "आजी, सात दिवसांत एकशे पंचवीस. अठरासुद्धा पुरे नाही. वीसच्या खाली."

चढ कमी झाला. परवापर्यंत तेवीस होता. मुलगा म्हणाला, दोन-तीन दिवस बघू, इतक्या थंडीत तिला गाडीतून न्यायचं म्हणजेही जोखीमच. सून भिंतीकडे तोंड करून पडली.

मी विजार विणायला घेतली. हातांना काम असलं की डोकं गप्प बसतं.

शनिवार, १३ तारीख

विजार झाली. लोकर म्हणजे नुसती हवा, हाताला लागतसुद्धा नाही. घातली, तोलली. दोन हजार एकशे तीस.

मास्तरीण: दहा दिवस, एकशे सत्तर. सतरा.

अजून खाली. मुलानं सांगून टाकलं, "सोमवारी वीस झाले नाहीत, तर काही झालं तरी नेऊ. मी सुट्टी टाकतो."

दुपारी सून पहिल्यांदा भिंत धरून पाळण्यापर्यंत चालत आली. बराच वेळ वाकून बघत होती. म्हणाली, "आई, ही दमते हो. पिताना बघा, धावून आल्यासारखा श्वास घेते."

मी म्हटलं, "अगं, अपुऱ्या दिवसांची आहे. दूध ओढणं म्हणजे तिला डोंगर चढणंच."

"कपाळाला घाम येतो तिच्या."

"येणारच. माझ्या लोकरीची ऊब आहे ती!"

तिनं पदरानं पोरीचं कपाळ टिपलं. मी स्वेटर घेतला हातात. सोमवारी गाडीतून न्यायची वेळ आली तर तो झालाच पाहिजे. गळा तेवढा राहिलाय.

सोमवार, १५ तारीख

काल संध्याकाळी स्वेटर पुरा झाला. जरा मोठा झाला, बाह्यांना दोन-दोन घड्या घालाव्या लागल्या. वाढत्या अंगाचा केला म्हणायचं.

सकाळी साडेनऊपासून मुलगा बूट घालून दारात, दवाखान्याचे कागद पिशवीत, सून खुर्चीत. मास्तरणीनं शाळेत जाताना वहीत लिहून ठेवलं होतं, "आजी, २२०० पाहिजे." खाली दोन रेघा.

आंघोळ घातली. टोपी, मोजे, विजार, स्वेटर. दुपटं ठेवलं, शून्य केलं. शेंग ठेवली. आकडा नाचायला लागला. एकवीसशे नव्वद, बावीसशे पाच, एकवीसशे पंच्याण्णव. थांबला.

दोन हजार दोनशे. बरोब्बर!

मी ओरडलेच. मुलानं मला उचलल्यासारखं केलं, पार्सल समजला की काय. बूट काढून परत चप्पल घातली आणि कामावर गेला. अकराला नर्सबाईचा फोन. "आजी, काय म्हणते नात?"

"बारा दिवसांत दोनशे चाळीस. चढ वीस!" मी असं काही म्हटलं, जशी मीच मास्तरीण.

"वा. मग चोवीसलाच या."

सून फोनकडे हात करत होती. तिला काही सांगायचं होतं बहुतेक. पण तोवर ठेवला नर्सबाईनं. मी तिला वही दाखवली. "हे बघ, टिंब रेघेवर आहे. तुझ्या मनाला काय, मन चिंती ते वैरी न चिंती."

ती म्हणाली, "आकडा बरोबर असेल आई. पण आज तिनं तीनच घोट घेतले."

मी म्हटलं, पोटापुरते घेतले असतील.

बुधवार, १७ तारीख

आजचं आजच लिहिते.

सकाळी आंघोळीआधी लोकरवालीकडे गेले. शेंगेला गोधडीवजा काहीतरी विणायचं होतं. तिची माझी जुनी ओळख, तीस वर्षं मला उसवून विणताना बघतेय. म्हणाली, "काकू, मागच्या वेळी किती गुंडे नेले होते?"

"तीन. अजून थोडी उरलीय."

"एवढ्याशा पोरीला तीन गुंडे? हत्तीचं पिल्लू आहे की काय? पन्नासचा एकेक, म्हणजे जवळजवळ दीडशे ग्रॅम लोकर नेसवलीत की तिला!"

ती हसली. मीही हसले. पैसे पुढे केले, आणि हात तिथंच राहिला.

दीडशे ग्रॅम.

लोकर घेतलीच नाही. घरी कशी आले आठवत नाही. तोलकाट्यावर दुपटंसुद्धा ठेवलं नाही. शेंगेचा कालचा धुतलेला सगळा जोड घडी करून ठेवला. स्वेटर पंच्याहत्तर. विजार ठेवली, एकशे वीस. टोपी, एकशे पस्तीस. ते एवढेसे मोजे, एकशे पंचेचाळीस. लाल आकडा माझ्याकडे बघत होता.

मग पोरीला उघडं केलं. सगळं काढलं. दुपटं, शून्य, शेंग. तिनं शिंक दिली नाही, हात-पायसुद्धा झाडले नाहीत. दोन हजार पन्नास.

मी तिसरी शिकलेली. मला भागाकार करायला मास्तरीण लागते, पण वजाबाकी येते. आठ तारखेला टोपीचे पंधरा गेले तर साठ होते. आज पन्नास. पुढे नऊ दिवस. वर काहीच नाही. दहा ग्रॅम खाली.

माझी रेघ चढत होती ती लोकरीची होती. मी विणत गेले तशी ती चढत गेली.

सून खोलीत होती. आत गेले. म्हटलं, "माझं चुकलं. मी कपड्यांसकट तोलत होते." तिनं माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आई, मी म्हणत होते." आणि उठून उभी राहिली, भिंत न धरता.

मुलाला फोन केला. तो येईपर्यंत मास्तरीण शाळेतून आली. मी वही पुढे केली. तिनं लाल पेन काढलं आणि समोरच्या पानावर दुसरी टिंबं दिली. आठ तारखेपर्यंत चढ, मग जमिनीसारखी सपाट, मग शेवटी जराशी वाकलेली. "याला उणा चढ म्हणतात, आजी."

"उणा चढ? सरळ उतार म्हण ना."

"उतारच. गणितात लाज वाटते म्हणून उणा चढ म्हणतात." आणि रडायला लागली. "मी विचारायला हवं होतं. तू कशी तोलतेस ते मी एकदाही विचारलं नाही."

मी म्हटलं, "नर्सबाईनं सांगितलं तशीच तोलली गं. तशीच. असेल तशी."

तिनं डोळे पुसले. "आजी, तशीच म्हणजे रोज एकसारखी. एकदम उघडी, नाहीतर रोज तेवढेच कपडे. पहिल्या दिवसापासून स्वेटर असता तरी चाललं असतं. सगळी रेघ वर सरकली असती, पण चढ तोच राहिला असता."

एका शब्दासाठी नऊ दिवस.

गाडी आली. शेंगेला स्वेटर घातला, बाहेर गारठा होता. बटणं लावायला मला जमेना, मुलानं लावली.

गुरुवार, १८ तारीख

ठेवून घेतलं. पोरीच्या काळजाला भोक आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, पिताना दमते ती त्यानेच, घाम त्यानेच, बोटं निळी त्यानेच. थंडी नव्हती ती. मी एकेका गोष्टीवर लोकर घालत गेले.

आता नाकातून नळीनं दूध, आणि औषध. मी नर्सबाईसमोर उभी राहिले, म्हटलं, "काय बोलायचंय ते बोला." ती बोलली. चांगलं बोलली, वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. मग म्हणाली, "चोवीसपर्यंत थांबला असतात तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. आज कशा आलात?"

"लोकर मोजली," मी म्हटलं.

ती मग स्वतःशीच म्हणाली, "उघडी तोला म्हणायला हवं होतं मी."

शनिवार, २० तारीख

दोन हजार दहा. चाळीस ग्रॅम गेले! मी नर्सबाईच्या मागे धावले. म्हणाली, "औषधानं अंगात साठलेलं पाणी गेलं, आजी. ते वजन नव्हतंच."

म्हणजे माझी लोकर बाहेरून आणि हे पाणी आतून. पोरीवर दोन्हीकडून खोटं वजन चढलं होतं. आता जी उरली ती खरी शेंग. भीती वाटते एवढीशी बघून. मास्तरीण म्हणते, खरं टिंब खाली असलं तरी चालेल, पुढचं त्याच्या वर पाहिजे.

मंगळवार, २३ तारीख

रविवारी नाही, सोमवारी नाही. दोन दिवस मी काट्याकडे गेलेच नाही. बाहेरच्या बाकावर बसते. हातात सुयासुद्धा नाहीत.

बुधवार, २४ तारीख

आजच यायचं होतं नं आम्ही, नाचत, स्वेटर घालून.

दहाला नर्सबाईनं सुनेला वजनाला बोलावलं. सून पोरीला घेऊन दारात आली आणि माझ्यासमोर धरली. "तुम्ही तोला, आई."

"मी नाही गं बाई. माझा हात नको."

"तुमच्याइतकं नीट आता कुणी तोलणार नाही," म्हणाली. टोमणा होता की काय कळलं नाही. तोंडाकडे बघितलं तर नव्हता.

मी सगळं काढलं. दुपटं, शून्य. नळी हातानं वर धरली, तिचं वजन नको म्हणून. नर्सबाईनं भुवया उंचावल्या. दोन हजार पंच्याण्णव. तक्त्यावर टिंब मला द्यायला लावलं. चार दिवस, पंच्याऐंशी. संध्याकाळी मास्तरणीला विचारायचं ठरवलं होतं, पण राहवेना, बोटांवर केलं. वीस आणि वर थोडं. तिनं मग दशांश काढून दाखवले, पण माझं वर थोडं बरोबर होतं.

पुढचा महिना, सोमवार, १२ तारीख

घरी. दोन हजार पाचशे सत्तर, उघडी. पाच किलोची झाली की काळजाचं ऑपरेशन, तोवर रेघ अशीच चढती राहिली पाहिजे. अजून जवळजवळ अडीच किलोची वाट बाकी आहे. पण शिडी नीट टेकलीय.

आज निघताना नर्सबाई म्हणाली, "आजी, बाहेर गार आहे. घाला की तो तुमचा स्वेटर, आता घाबरता कशाला?" पिशवीत होता, पण काढायची छाती होत नव्हती. सुनेनंच काढला. मी बाह्यांना घड्या घालायला घेतल्या, पहिली घातली, दुसरी घालायला गेले तर शेंगेची बोटं मध्ये आली. माझा अंगठा धरला तिनं.

दुसरी घडी बसेना.

मास्तरीण वाकून बघत होती. "आजी, बाही किती वर आली?"

"एक घडी."

"पुढे किती दिवस?"

पंधरा तारखेपासून मोजायला लागले मी. मुलगा दारातून घड्याळ दाखवत होता, गाडी थांबलीय म्हणून. म्हटलं, थांबू दे, हिशेब चालू आहे.